डबीतलं तीर्थ

बसा पावणं. तुमची लेक डोळ्यात लेन्स घालणार म्हणताय, आन इचारताय त्यात भ्यायचं काय हाय. मंग चहा होईस्तवर बेंबळीच्या शांताक्काची गोष्ट ऐका. नखाएवढ्या वस्तूची गोष्ट हाय, पण ऐकायला सोपी न्हाय हे आधीच सांगून ठेवतो. हसायसारखं आसंल तिथं हसा. मधी उठून मात्र जाऊ नका.

शांताक्का म्हंजी बंडप्पाची थोरली बहीण. बंडप्पाचं बेंबळीत किराणा-भुसाराचं दुकान. आक्काचा नवरा लवकर वारला, ती माहेरी आली, आन पाठोपाठ बंडप्पाची बायकोबी गेली. मागं उरली भुवनेश्वरी, दुपट्यात गुंडाळलेली. आक्कानं ती उचलली ती उचललीच. पोर कडंवरनं उतरली, शाळंत गेली, कालिजात गेली, तरी आक्काचा एक हात कडंला धरल्यावानीच आसायचा.

माणसं लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की आक्का गळ्यातलं लिंग डाव्या तळव्यावर घ्यायची, पाणी घालायची, तीन बोटांनी कपाळाला भस्म वढायची, आन लिंगावरनं उतरलेलं पाणी वाटीत धरायची. ते तीर्थ. घोटभर प्यायचं आन वली बोटं डोळ्याला लावायची. पोटदुखी आसू दे, परीक्षा आसू दे, म्हैस व्यायची येळ आसू दे, आक्काचा उपाय तोच. लोक हसायचे, आन गरज पडली की तांब्या घेऊन मागायलाबी यायचे.

भुवना खो-खोत वाघीण. आपल्याकडं पोरींना खो-खोचं किती याड हाय ते तुमाला ठावंच हाय. पण पोरीचा चष्मा बाटलीच्या बुडागत जाड. नाडीनं डोक्याला बांधून पळायची. खांबावर सूर मारला की पोर एकीकडं, चष्मा एकीकडं. एका सामन्यात म्होरची पोरगी हातभर लांब हुभी आन आमची भुवना गुडघ्यावर बसून मातीत चष्मा चाचपतीय. म्होरची पोरगी दमानं चालत निघून गेली. पब्लिक हसलं. आक्का तवा मैदानाच्या कडंला बसलेली, तिनं पदर तोंडाला लावला.

खेळ शिकवणारे मल्लेश सर म्हणले, "भुवने, राज्याच्या संघाची निवड येतीय. पाय तुझे हाईत, पण डोळ्यांचं काय? लेन्स बसवून घे."

बंडप्पा आधी न्हायच म्हणला. "डोळ्यात काच घालायची? शेंगदाण्याचं टरफल गेलं तर मी दोन दिवस वरडत बसतो."

"काच नसती आप्पा, मऊ आसती," भुवना म्हणली.

"मऊ तर लोणीबी आसतंय. डोळ्यात घालतंय का कुणी?"

शेवटी आक्कानं तोंड उघडलं तवा बंडप्पा गप बसला, आन तिघं धाराशिवला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईकडं गेले.

बाईनं सगळं निगुतीनं शिकवलं. आधी हात साबणानं धुवायचे, बिनवासाच्या. पुसायचे ते पंचानं न्हाय, त्याचे धागे सुटत्यात. बोटाच्या टोकावर लेन्स घ्यायची, उजव्या डोळ्याची आधी, म्हंजी अदलाबदल होत न्हाय. काजळ-पावडर काय ते लेन्स घातल्यावर. घालून झोपायचं न्हाय, घालून आंघोळ न्हाय. काढली की बाटलीतल्या सोल्युशननं, म्हंजी लेन्स धुवायच्या औषधानं, तळव्यावर चोळायची, डबीतलं जुनं सोल्युशन रोज फेकायचं, नवं भरायचं.

"आणि पाणी लावायचं नाही," बाई म्हणल्या. "थेंबभरसुद्धा."

आक्का कीर्तनाला बसल्यावानी ऐकत व्हती. तिनं इचारलं, "उकळून गार केलेलं?"

"नाही मावशी."

"मशीनीतनं गाळलेलं?"

"तेही नाही. कुठलंच पाणी नाही. आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना झाला, तर लेन्स काढायची, डबीसकट माझ्याकडं यायचं. उद्या बघू, परवा बघू असं करायचं नाही."

आक्कानं मान हलवली. सगळं तिनं गाठीला बांधलं. आता इथंच मेख हाय बघा पावणं. पाणी लावायचं न्हाय, हे तिनं अक्षर न अक्षर ऐकलं. पण तीर्थ हे तिच्या लेखी पाणी नव्हतंच. पाणी बोअरला आसतंय, हौदात आसतंय, भांडी घासायला आसतंय. तीर्थ म्हंजी तीर्थ.

पहिले काय दिवस घरात जत्रा. आक्का आरसा धरून बसायची, आन भुवना डोळा ताणून बोट जवळ न्यायची. बोट जवळ आलं की डोळा मिटायचा. लेन्स कवा गालाला चिकटायची, कवा बोटालाच. बंडप्पा दारातनं म्हणायचा, "आगं बटाटं लावताना एवढा येळ लागत न्हाय." मंग एक दिवस बसली. भुवनानं वर बघितलं, आन म्हणली, "आक्का, तुझ्या हनुवटीवर तीळ हाय व्हय?" एवढी वर्सं तीच हनुवटी बघत वाढलेली पोर. आक्काला हसू आलं आन रडूबी आलं.

तवापासनं आक्का बाईपेक्षाबी कडक झाली. शेजारीण डबी बघायला आली तर म्हणायची, "लांबनं बघ, तुझ्या हाताला कांद्याचा वास हाय." डबी कुठं ठेवायची ह्याचाबी निकाल तिनंच लावला. देवघरातल्या फळीवर. त्या फळीला आंघोळ केल्याबिगर कुणी शिवत न्हाय, घरात तेवढी चोख जागा दुसरी कुठली?

आन मंग ती सकाळ आली. भुवना चष्मा लावून पळायला गेलेली. त्या दिशी दुपारी तुळजापुरात सामना व्हता. आक्का दिवा लावाया वाकली, पदराचा फटकारा बसला आन डबी खाली. डबीला दोन खण, दोन टोपणं, त्यातल्या एका बाजूचं टोपण नीट लागलेलं नव्हतं. सोल्युशन फरशीवर सांडलं, आन लेन्स डबीच्या भिताडाला चिकटून राहिली, मासळीच्या खवल्यागत. वाळली की मोडती, हे बाईनं सांगितलं व्हतं. बाटली शोधली तर ती पोरीच्या पिशवीत, पिशवी पोरीच्या पाठीवर. समोर वाटीत आत्ताचं तीर्थ. आक्कानं हात जोडले आन चमचाभर तीर्थ डबीत सोडलं. लेन्स अलगद वर आली. तिनं टोपण लावलं आन पोरीला काय बोलली न्हाय. सामन्याच्या दिशी कशाला उगा जिवाला घोर.

आता ह्याच्यापेक्षा वाईट गोष्ट अशी झाली, की त्या दिशी भुवना असली खेळली, असली खेळली, की मल्लेश सर मैदानात आले आन पोरीच्या पाठीवर थापच मारली. म्होरच्या संघाच्या चार पोरी एकटीनं बाद केल्या. हरली आसती तर आक्का परत त्या वाटंला गेली नसती. जिंकली, म्हणून गेली.

दुसऱ्या सकाळपासनं पूजा झाली की आक्का इकडं तिकडं बघायची, डबीची दोन्ही टोपणं उघडायची, आन थोडं थोडं तीर्थ सोडायची. बोटाला भस्म तसंच. पोर पळून येऊन हात धुवायची, सांगितल्यापरमाणं उजवी आधी घालायची. एवढं नेमानं करणारी पोर, आन डबीत काय चाललंय त्याचा तिला पत्ता न्हाय.

निवड जवळ आली. एक दिवस आक्काच्या ध्यानात आलं की पोर जेवाया बसती ती दाराकडं पाठ करून. डावा डोळा बारीक करती.

"डोळ्याला काय झालंय?"

"धूळ गेलीय. मैदानातली."

"बघू."

"नको बघू. बघून काय धूळ निघती व्हय?"

आक्कानं हनुवटी धरून तोंड वर केलं. डोळा तांबडा, कडंला पाणी. "लेन्स काढ आत्ताच्या आत्ता. बाई काय म्हणल्या व्हत्या?"

"रविवारी निवड झाली की काढते. आक्का, तुझ्या पाया पडते, आप्पांना सांगू नको. ते लगेच बंद करत्याल. चष्म्यावर गेले तर परत मातीत बसंन मी चाचपत." पोरीचा आवाज फुटला. "एवढा रविवार जाऊ दे."

आक्काला मातीत बसलेली ती पोर दिसली. ती गप राहिली. आन मनात म्हणली, डोळ्यात रोज तीर्थ जातंय, काय व्हतंय. त्या सकाळी तिनं चमचाभर जास्तच घातलं.

शुक्रवारी दुपारी भुवना कालिजातनं आली ती सरळ आतल्या खोलीत. खिडकी लावली, दार लावलं, वर गोधडी बांधली खिडकीला. आक्का आत गेली तर पोर उशीत तोंड घालून पडलेली. लेन्स तिनं आल्या आल्या काढून डबीत तशीच टाकली व्हती, जुनं फेकायचं भान राहिलं नव्हतं, तरीबी कळ थांबंना. दाराच्या फटीतनं आलेली उजेडाची रेघ तिला सोसंना. आजवर गुडघं फुटलं, नख निघालं, पोर रडली न्हाय. ती आता दातात उशी धरून कण्हत व्हती.

"आक्का, आत सुई फिरवल्यावानी व्हतंय."

आक्कानं सवयीनं वाटी आणली. तीर्थात बोटं बुडवली. पोरीच्या पापणीला लावाया हात म्होरं केला, आन तसाच थांबला. का थांबला ते तिलाबी कळंना. सगळं तर बाईनं सांगितल्यापरमाणं चाललंय. पोर हात धुती, जुनं फेकती, नवं भरती. नवीन काय पडलंय डोळ्यात? म्या घातलेलं. तेवढंच.

तिनं वाटी खाली ठेवली आन दुकानात जाऊन बंडप्पाला म्हणली, "गिऱ्हाईक सोड. गाडी काढ."

बंडप्पाचा छोटा हत्ती, दुकानाचा माल आणायचा टेम्पो. पुढं तिघं बसले, मधी भुवना, डोक्यावरनं ओढणी घेतलेली. आक्काच्या मांडीवर पिशवी, पिशवीत डबी. बाईनंच सांगितलं व्हतं ना, डबीसकट या म्हणून. डबीत सकाळचं तीर्थ तसंच.

रस्ताभर बंडप्पाचं तोंड चालू. "मी म्हणलं व्हतं. डोळ्यात वस्तू घालायची म्हंजी काय खेळ हाय? हिनं नीट धुतलं नसंल. पोरींना घाई आसती."

"धुतलंय मी," भुवना ओढणीतनं म्हणली.

"मंग आपोआप झालं व्हय? कुणाचं तरी चुकल्याबिगर होतंय का?"

आक्का खिडकीतनं भाईर बघत व्हती. सोयाबीनची रानं मागं पळत व्हती आन तिला एकबी दिसत नव्हतं.

डिझेल घ्यायला गाडी थांबली. पंपाच्या कडंला नळ व्हता. आक्का उतरली, म्हणली तोंड धुवून येते. नळापशी गेली, पिशवीतनं डबी काढली. एक टोपण फिरवलं. आता नुसती डबी उलटी करायची आन नळाखाली धरायची. संपलं. बाईला कळायचं न्हाय, बंडप्पाला कळायचं न्हाय, पोरीला तर जन्मात कळायचं न्हाय. पोरीनं धुतलं न्हाय म्हणून बंडप्पा चार दिवस बोलंल, आन इसरंल. आक्काचं नाव आक्काच राहील. पाणी वाहत व्हतं, आन तिची बोटं डबीवर घट्ट.

गाडीतनं आवाज आला. "आक्का, कुठं हायस? मला काय दिसत न्हाय."

पोरीनं ओढणी जरा सारली व्हती आन एक हात खिडकीच्या भाईर काढून हवेत चाचपत व्हती. अगदी मैदानात चाचपायची तशी.

आक्कानं टोपण परत फिरवलं. डबी पिशवीत टाकली. सांगायचं ठरवलं असं समजू नका पावणं. तेवढी छाती अजून झाली नव्हती. फकस्त सांडलं न्हाय.

दवाखान्यात बाईनं भुवनाला यंत्रापुढं बसवलं. डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा दिवा लावला, आन लई येळ बघत राहिल्या. बाईनं मान वर केली तवा त्यांच्या तोंडावरचं हसू गेलेलं व्हतं.

"बुबुळाला जखम आहे. भुवनेश्वरी, मी रागावणार नाही. खरं सांग. लेन्सला पाणी लागलं का?"

"न्हाय मॅडम."

"घालून झोपलीस?"

"एकदाबी न्हाय."

"आंघोळ? तोंड धुणं? पोहणं?"

"न्हाय. तुमी सांगितलं तसंच केलं. लाल झाल्यावर काढली न्हाय, एवढं चुकलं. पण पाण्याचा थेंब लावला न्हाय. आक्काला इचारा."

बाईनं आक्काकडं बघितलं. आक्कानं मान हलवली. व्हय म्हणून का न्हाय म्हणून, ते तिचं तिलाबी सांगता आलं नसतं. पण बाईला जे घ्यायचं ते त्यांनी घेतलं. त्या टेबलाशी बसल्या आन लिहायला लागल्या. "मग नेहमीच्या जंतूंची जखम असावी. हे थेंब आजपासून. परवा दाखवायला या. जखम भरत आली की सूज उतरायचे दुसरे थेंब देते."

बंडप्पानं सुस्कारा सोडला. "म्हंजी बरं होईल ना?"

"होईल."

इथं गप बसली तर सगळं मिटत व्हतं. बाई बरं होईल म्हणत व्हत्या. आक्कानं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले. मंग तिचा आवाज आला, तिच्या मर्जीबिगर आल्यावानी.

"आन पाणी लागलं आसतं तर?"

बाईचं पेन थांबलं. "का मावशी?"

"आक्का, उगा मधी बोलू नको," बंडप्पा म्हणला. "त्यांचं काम त्यांना करू दे."

"न्हाय, इचारते आपली. लागलं आसतं तर ह्याच थेंबानं बरं झालं आसतं का?"

"नाही," बाई म्हणल्या. "पाण्यात एक बारीक जीव असतो. बोअरच्या, नळाच्या, हौदाच्या, कुठल्याही. दिसत नाही. लेन्सला चिकटून डोळ्यात गेला तर बुबुळ कुरतडतो. सुरुवातीला दोन्ही जखमा वरून सारख्याच दिसतात. पण ह्या औषधाला तो दाद देत नाही, आणि सुजेचे थेंब पडले तर आणखी फोफावतो. तोवर महिना जातो. मग डोळा वाचवणं आमच्या हातात राहत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, काय झालंय?"

आयुष्यभर गाव आक्काकडं तांब्या घेऊन आलं व्हतं. ज्या हातानं लेकराला मोठं केलं तोच हात पुढं करून सांगायचं, की हा बघा, ह्या हातानं. आन समोर भाऊ बसलेला, जो दुपारधरनं गुन्हेगार हुडकत व्हता. आन पोर, जिनं आत्ताच आक्काला इचारा म्हणून साक्षीला बोलावलं व्हतं.

तिनं पिशवीतनं डबी काढली आन टेबलावर ठेवली.

"ह्यात तीर्थ हाय. लिंगावरचं. म्या घालते. रोज."

बंडप्पाचं तोंड उघडं ते उघडंच. बाईनं डबीला हात न लावता वाकून बघितलं. तळाला भस्माचा पांढरा गाळ बसलेला.

"पाणी कुठलं?" बाईनं हळू इचारलं.

"बोअरचं. हौदातनं कळशीत, कळशीतनं वाटीत." आन हे सांगताना आक्काला पहिल्यांदा ते पाणी दिसलं. हौद दिसला, हौदाचं शेवाळ दिसलं.

भुवना खुर्चीत वळली. डावा डोळा मिटलेला, उजवा आक्काच्या आवाजाकडं. "कवापासनं?"

"तुळजापूरच्या सामन्यापासनं. डबी पडली माझ्या हातनं, सांडलं सगळं, म्हणून घातलं. मंग तू जिंकलीस. म्हणून परत घातलं."

पोर म्हणली, "म्हंजी तुला वाटलं, मी जिंकलेच नव्हते, तीर्थ जिंकलं?"

पावणं, बंडप्पा त्यानंतर काय काय बोलला ते मी सांगत न्हाय. थोरल्या बहिणीला बोलू नये ते बोलला. आक्काला त्यातलं एकबी लागलं न्हाय. तिला लागलं ते पोरीचं एवढंच वाक्य. ते आत रुतून बसलं.

बाईनं बंडप्पाला हातानं गप केलं. "भांडायला घर आहे. आधी डोळा." त्यांनी लिहिलेलं फाडलं, नवीन लिहिलं, डबी तशीच्या तशी पिशवीत बंद केली आन सोलापूरला मोठ्या दवाखान्यात फोन लावला. छोटा हत्ती तिथनंच सोलापूरला गेला. तिथं तपासाया बुबुळावरचं कणभर खरवडून घेतलं, डबीतलं पाणीबी तपासलं. दोन्हीकडं तोच निघाला, बाई म्हणल्या व्हत्या तो जीव.

तिथल्या डॉक्टरांनी बंडप्पाला सांगितलं, आत्ता कळलं म्हणून बुबुळाच्या वरच्या थरातच सापडला. खाली उतरला आसता तर बोलायला तोंड राहिलं नसतं.

निवडीचा रविवार दवाखान्यातल्या खाटंवर गेला. मल्लेश सरांचा फोन आला, भुवनानं घेतला न्हाय.

घरी आल्यावर खरी परीक्षा. थेंब दर तासाला, आन थेंब असले झोंबरे की पोर पलंगाची पट्टी धरून बसायची. आक्का बाटली घेऊन गेली तर भुवना म्हणली, "तू नको. आप्पा घालत्याल." एवढंच. ओरडली न्हाय, रुसली न्हाय. ओरडली आसती तर आक्काला बरं वाटलं आसतं. आक्का दाराच्या चौकटीला टेकून बसून राहायची. पूजा करायची ती पोर बघंल अशा जागी न्हाय, मागच्या परसात जाऊन. तीर्थ ती एकटीच प्यायची आन हात धुवून टाकायची.

बंडप्पाचं काम म्हंजी दुकानदाराचं काम. एक दिवस मिरचीचं पोतं उतरवून घेत व्हता, घड्याळ बघितलं, तसाच उठला, पँटीला हात पुसले, आन आत येऊन बाटलीचं बूच उघडलं. पोरीची पापणी वढाया बोट म्होरं केलं.

"बंडू, थांब," आक्का चौकटीतनं म्हणली.

"तू बोलू नको."

"बोलणारच. तिखटाचे हात हाईत. मागं हो."

"पुसलेत मी."

"पुसून भागत न्हाय. साबणानं धू. मनगटापस्तोर. नखात बघ काय हाय ते. टॉवेल तो न्हाय, दोरीवरचा धुतलेला घे. आन बाटलीचं तोंड पापणीला टेकवू नको, तुला तीनदा सांगितलं डॉक्टरांनी."

"आता तू शिकवणार मला?"

"व्हय, मीच शिकवणार. माझ्याइतकं महागात कोण शिकलंय ह्या घरात?"

बंडप्पा बाटली धरून तसाच हुभा. पोरगी पलंगावर, दोन्ही डोळे मिटलेले. ती म्हणली, "आप्पा, आक्कालाच घालू द्या. तिचे हात तरी धुतलेले आसत्यात."

आक्का उठली. मोरीत गेली, साबण लावला, बोटांची बेचकी चोळली, परत साबण लावला. धुतलेल्या कापडानं टिपलं. पोरीच्या उशाशी बसली. पापणी खाली वढली आन थेंब सोडला. हात हलला न्हाय. थेंब पडताना पोरीनं पलंगाची पट्टी सोडून आक्काचं मनगट धरलं, आन झोंबायचं थांबंस्तवर सोडलं न्हाय.

"तुळजापूरला तूच जिंकलीस," आक्का म्हणली.

"ठावं हाय मला," भुवना म्हणली. "तुला ठावं व्हायला पायजे व्हतं."

डोळा वाचला पावणं. महिनंच्या महिनं गेले, पण वाचला. कडंला एक पुसट ठिपका राहिलाय, बाई म्हणत्यात त्यानं नजरंला धोका न्हाय. पोर पट्ट्याचा खेळायचा चष्मा लावून परत मैदानात उतरलीय, औंदाच्या निवडीला नाव दिलंय. होईल का न्हाय ते मैदान सांगंल. लेन्स परत घालायची का, ते अजून ठरलेलं न्हाय. बाई म्हणत्यात थांबू, पोर म्हणती थांबू, आन आक्का त्या बोलण्यात पडत न्हाय.

तुमच्या लेकीला लेन्स घ्या, मी नको म्हणत न्हाय. चांगली वस्तू हाय. तिला हे सगळं सांगा, आन घरातल्या बाकीच्यांना तिच्या आधी सांगा. पण एक मागणं हाय माझं. तुमी आता बेंबळीवरनंच जाणार. बंडप्पाच्या दुकानापशी गाडी थांबली तर आक्का ओट्यावर बसलेली दिसंल, पाणी इचारंल, बसा म्हणंल. बसा तिच्यापशी घडीभर. पण ह्यातलं काय तिला इचारू नका. जिथं बोलायला पायजे व्हतं तिथं ती बोलली. परत तिच्या तोंडनं ते काढून घेऊ नका. एवढं माझं ऐका.